सोवळ्यातली पाणपोई

उल्हास निमकरने खोलीचे दार आतून लावले, सहायकाची मांडणी-फाईल उघडली आणि तिच्यातल्या दोन ओळी बदलल्या. काम चार मिनिटांचे होते. दार लावून करावे लागते ते काम बहुधा करू नये, हे त्याला शाळेपासून ठाऊक होते. पण त्रेचाळिसाव्या वर्षी, गटप्रमुख झाल्यावर, माणूस शाळेतले बरेच काही सोयीने विसरतो.

पहिली ओळ पत्त्याची, दुसरी किल्लीची. संकेत-सहायक, म्हणजे संगणकाचे प्रोग्राम लिहून देणारा यंत्रमदतनीस, आपल्या टेबलावरच्या संगणकात राहतो असे आपल्याला वाटते. खरे तर तिथे त्याचे फक्त तोंड असते. बुद्धी दूर कुठेतरी असते. आपण काही विचारले की सहायक तो प्रश्न फाईलमधल्या पत्त्यावर पाठवतो, किल्ली दाखवतो आणि आलेले उत्तर आपल्यापुढे मांडतो. पत्ता बदलला, तर आपले डोके बदलले हे त्याला कळतही नाही. उल्हासने केंद्राचा पत्ता पुसला आणि तिथे 'पाणपोई' नावाच्या तिऱ्हाईत पुरवठादाराचा पत्ता लिहिला. तिथली किल्ली घ्यायला नावगाव सांगावे लागत नव्हते. नवी किल्ली डकवून त्याने चाचणीचा प्रश्न विचारला : "यादी उलटी कशी करायची?"

उत्तर क्षणात आले आणि उल्हासला हायसे वाटले.

याच प्रश्नाने त्याची लाज काढली होती. खोल-सागर केंद्राच्या संचालक डॉ. वसुमती केळुसकर दर सोमवारी प्रत्येक गटाला बोलावून, त्या गटाने आठवडाभरात सहायकाला विचारलेले प्रश्न मोठ्याने वाचत. हेतू चांगला होता : एकाने विचारले की दहा जण शिकतात. मागच्या सोमवारी त्यांनी वाचले, "उल्हास निमकर : यादी उलटी कशी करायची?" त्याच्या गटातल्या, जेमतेम चोविशीतल्या एका मुलीला एकदम खोकला आला. तो खोकला नव्हता हे खोलीतल्या सगळ्यांना कळले. उल्हासने सात वर्षांत स्वतः प्रोग्राम लिहिला नव्हता. तो बैठका घेत होता, अहवालांवर सह्या करत होता, आणि आता नव्या भाषेतले ओ की ठो त्याला कळत नव्हते. हे कबूल करण्यापेक्षा पत्ता बदलणे सोपे होते.

केंद्राचे काम मोठे होते. 'शिंपला' ही तीन माणसांची पाणबुडी अरबी समुद्रात चार हजार मीटर खोल जायची होती. तिच्यात निर्णय घेणारे तीन संगणक होते, आणि त्यांचे प्रोग्राम तीन वेगळ्या गटांनी लिहायचे होते. यामागचे तत्त्व साधे आहे. चूक प्रत्येकाच्या हातून होते; पण वेगवेगळ्या माणसांची चूक वेगवेगळी होते. म्हणून तिघांतले दोन संगणक एक उत्तर देतात तेव्हा ते बरोबर मानायचे आणि तिसऱ्याला गप्प बसवायचे. मात्र गट खरोखर वेगळे राहिले पाहिजेत. म्हणून त्यांनी एकमेकांशी कामाविषयी अवाक्षर काढायचे नाही, जेवायचे वेगळ्या वेळी, चहासुद्धा वेगळ्या टपरीवर. नियमावलीत याला 'पृथकता' म्हटले होते. कँटीनवाल्याने पहिल्याच आठवड्यात त्याचे नाव 'सोवळे' ठेवले आणि तेच टिकले. कुणी चुकून दुसऱ्या गटाच्या टेबलाशी गेला की पोरे ओरडायची, "शिवू नका, सोवळ्यात आहे!"

सोवळे आले की चोरून मोडणारेही आलेच. फक्त मोडणाऱ्याला वाटते, आपण एकटेच.

आठ महिन्यांनी 'सागरवेध' जहाज शिंपल्याला घेऊन भर समुद्रात उभे राहिले, आणि बुडीच्या दोन दिवस आधी तिन्ही गटांचे आकडे प्रथमच समोरासमोर ठेवले गेले. सगळे जुळले. एकच जुळला नाही.

माणसे श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात. बंद पाणबुडीत तो साठला तर माणूस गुंगीत जाऊन मरतो. म्हणून तळाशी सोडा-चुन्याने भरलेला एक डबा असतो, तो हा वायू शोषून घेतो. डबा किती तास टिकेल, हे संगणकाने सांगायचे. केबिनमध्ये वायू मोजणारा मीटर होता, पण डबा संपल्यावर मीटर चढायला लागतो आणि वर यायला तीन तास लागतात. मीटरची वाट पाहणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे.

पहिला संगणक म्हणाला, चौदा तास दहा मिनिटे. दुसरा म्हणाला, चौदा तास दहा मिनिटे. तिसरा म्हणाला, नऊ तास.

तिसऱ्या गटाचे प्रमुख त्र्यंबक सोनटक्के एकसष्ट वर्षांचे होते. ते सहायक वापरत नसत. आधी वहीत गणित करत आणि मग दोन बोटांनी ते संगणकात घालत. "डबा थंड पडला की चुना सुस्त होतो," ते म्हणाले. "खाली पाणी तीन अंशांवर आहे. धक्क्यावर चाचणी घेतलीत तेव्हा चौदा तास भरले, मान्य. पण तो मे महिना होता."

"तापमान आमच्या सूत्रात धरलंय, सर," उल्हास म्हणाला. सहायकाने उत्तराच्या शेवटी तसा सारांश दिला होता. सूत्र त्याने स्वतः वाचले नव्हते.

पहिल्या गटाच्या प्रमुख यास्मिन मुकादम चिपळूणच्या. हुशार आणि मितभाषी बाई. त्या म्हणाल्या, "आमच्याही."

"मग तुम्ही दोघं एकाच चुकीवर आला असाल."

यावर उल्हास जे बोलला ते पुढे त्याला जन्मभर पुरले. "सर, आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दोन अनोळखी माणसं एकच चूक करत नाहीत. तीही मिनिटापर्यंत!"

सगळे हसले. डॉ. केळुसकरांनी निकाल दिला : दोन विरुद्ध एक. तिसऱ्या गटाने आपला आकडा तपासावा, आणि यापुढे त्या गटाची जबाबदारी सोनटक्क्यांच्या सहकारी वर्षा पाहतील. सोनटक्क्यांनी वही मिटली. त्यांचे कान लाल झाले होते.

बुडीच्या दिवशी सकाळी सहाला शिंपला पाण्यात गेली. आत दोन शास्त्रज्ञ होते आणि चालक गोदावरी तांडेल. नऊला ती तळाशी टेकली. संध्याकाळी सहाला ती वर यायची होती.

साडेनऊला सोनटक्के उल्हासला शोधत खानावळीत आले. "आता मी सोवळ्यातून सुटलो," ते हसून म्हणाले. "चल, चहा घेऊ. आठ महिने तुझ्याकडे बघून मान फिरवायची म्हणजे शिक्षाच होती."

चहा आला. सोनटक्क्यांनी वही उघडून मध्ये ठेवली. उल्हासला वाटले, आता हे भांडणार. ते भांडले नाहीत.

"माझी चूक कुठे झाली ते मला दाखव," ते म्हणाले. "तीस वर्षं ही गणितं करतोय. पुढच्या वर्षी घरी बसायचं. आपण कुठे चुकलो हे न कळता जायचं, ते बरं नाही वाटत. तुझी ती एक ओळ दाखव, तापमानाची. मी शिकेन."

उल्हासने वहीकडे पाहिले. बारीक, सरळ अक्षर. प्रत्येक पायरीच्या बाजूला ती का केली याचे एक वाक्य. त्याला आपली ओळ दाखवता येणार नव्हती, कारण ती कुठे आहे हेच त्याला माहीत नव्हते.

"दुपारी दाखवतो, सर," तो म्हणाला. चहा अर्धाच राहिला.

खोलीत येऊन त्याने आठ महिन्यांत प्रथमच आपल्या नावाने दिलेला प्रोग्राम ओळीने वाचायला घेतला. नवखा वाचतो तसा, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. साडेदहाला त्याचे बोट एका नावावर अडले. आत बसलेल्या माणसांची संख्या जिथे होती, तिथे 'माणसे' किंवा 'चालक' असे काही नव्हते. तिथे लिहिले होते, 'पेशंट'. पेशंट बरोबर तीन. आणि खालच्या ओळीत तापमान धरलेले होते, अगदी सारांशात म्हटल्याप्रमाणे. पंचवीस अंश. कायमचे.

हे सूत्र पाणबुडीचे नव्हते. हॉस्पिटलात भूल देण्याच्या यंत्रातही असाच सोडा-चुन्याचा डबा असतो. हे तिथले होते.

पण मग मुकादमबाईंचा आकडा? उल्हासने फोन उचलला, आणि सोवळे उघडउघड मोडले.

"मुकादम मॅडम, निमकर बोलतोय. एकच विचारतो. डब्याच्या सूत्रात माणसांची संख्या आहे, तिथे तुमच्याकडे काय नाव आहे?"

पलीकडे कळफलक खडखडला. मग अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "तुमच्याकडेही पेशंट आहेत?"

पाच मिनिटांत त्या त्याच्या खोलीत होत्या. दार त्यांनीच लावले.

"पाणपोई?" उल्हासने विचारले.

त्यांनी मान डोलावली. "सोमवारच्या वाचनात माझा एक प्रश्न निघाला होता. सगळ्यांसमोर. मला वाटलं, मी एकटीच."

"मलाही तेच वाटलं. पण आपण वेगवेगळ्या वेळी विचारलं. उत्तर एकच कसं येईल?"

"ती इतकी झटपट का आहे, याचा विचार केलात कधी?" मुकादमबाई म्हणाल्या. "तिला स्वतःची बुद्धी नाही, निमकर सर. ती मध्यस्थ आहे. पहिल्यांदा कुणी प्रश्न विचारला की ती खऱ्या बुद्धीकडून उत्तर आणते आणि माठात भरून ठेवते. पुढे जवळपास तसाच प्रश्न आला की माठातलंच वाढते. तीन माणसं, बंद जागा, सोडा-चुना, किती तास? हॉस्पिटलातल्या कुणीतरी विचारलं असणार. शब्द तेच, म्हणून उत्तरही तेच."

"म्हणजे आपण आठ महिने एकमेकांचा वारा लागू दिला नाही..."

"आणि पाणी एकाच माठातलं प्यायलो." त्या खाली बसल्या. "आणखी एक आहे. मी ते उत्तर घेणार नव्हते. मला शंका होती. पण त्याच्या खाली लिहिलं होतं : 'या विषयातल्या एका तज्ज्ञाने हे उत्तर मान्य केले आहे.' म्हटलं, असेल कुणी परदेशातला मोठा माणूस. आणि मीही मान्य करून टाकलं."

उल्हासला आठवले. उत्तर आल्यावर पाणपोईने दोन प्रश्न विचारले होते. उत्तर मान्य? त्याने होय दाबले होते. आपण या विषयातले तज्ज्ञ आहात? त्याने त्यालाही होय दाबले होते, कारण त्या दिवशी त्याला कुणीतरी तज्ज्ञ म्हणायला हवे होते.

"तो मोठा माणूस मी होतो," तो म्हणाला. लाजेने त्याला वर बघवेना.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. सोनटक्क्यांच्या हिशोबाने डबा दुपारी तीनला संपणार, वर यायला तीन तास. म्हणजे बाराच्या आत शिंपल्याने तळ सोडायला हवा होता.

"वादळाचं कारण सांगू," मुकादमबाई चालता चालता म्हणाल्या. "हवा बिघडतेय म्हणू. ती वर आली की झालं. बाकीचं मग सावकाश." उल्हासला ती युक्ती इतकी आवडली की स्वतःचीच किळस आली. पण नियंत्रण-कक्षात शिरताना त्याच्या तोंडून तीच निघाली.

डॉ. केळुसकरांनी खिडकीतून निरभ्र आकाशाकडे पाहिले. "कसलं वादळ, निमकर? ही बुडी चार वर्षांनी मिळालीये. अर्ध्यावर वर घ्यायची तर कारण लागेल."

"डब्याविषयी शंका आहे, मॅडम. तिसऱ्या संगणकाचं म्हणणं..." उल्हासने समोरच्या तीन पडद्यांकडे बोट दाखवले आणि त्याचे बोट हवेतच राहिले. तिसऱ्या पडद्यावर नऊ तास नव्हते. तिन्ही पडद्यांवर एकच आकडा होता. चौदा तास दहा मिनिटे.

"सोनटक्क्यांनी काल स्वतःच दुरुस्ती केली," डॉ. केळुसकर म्हणाल्या. "आता तिघंही एक सांगताहेत. तुम्हीच म्हणाला होतात ना, अनोळखी माणसं एकच चूक करत नाहीत?"

म्हणजे आता खाली कुठलाही संगणक भांडणार नव्हता. गोदावरी तांडेल आणि ते दोघे, तीन हिरव्या दिव्यांकडे बघत निवांत बसून राहणार होते. कक्षात बारा माणसे होती. त्यात ती खोकलेली मुलगीही होती. उल्हासने तिच्याकडे पाहिले, मग बोलायला लागला.

"आम्ही अनोळखी नाही, मॅडम. मी सहायकाचा पत्ता बदलला. केंद्राचा काढून बाहेरचा घातला, कारण माझे प्रश्न तुम्ही वाचू नयेत. मला यादी उलटी करता येत नाही. डब्याचं सूत्र माझं नाही, मी ते आज सकाळपर्यंत वाचलंही नव्हतं. ते हॉस्पिटलातलं आहे, पंचवीस अंशांचं. तापमान धरलंय असं मी न वाचता सांगितलं."

"मीही," मुकादमबाई म्हणाल्या. "त्याच ठिकाणाहून. तेच उत्तर."

कक्षात कुणी खोकले नाही. डॉ. केळुसकरांनी दोघांकडे असे पाहिले की दोघांनाही त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते असे वाटले. मग त्यांनी ध्वनि-संदेशाचा माइक ओढला. "शिंपला, वजनं सोडा. वर या. आत्ता." बाराला तेरा मिनिटे कमी होती.

पावणेतीनला शिंपला पाण्यावर आली. शेवटच्या वीस मिनिटांत तिचा मीटर चढू लागला होता. झाकण उघडले तेव्हा गोदावरी तांडेल कशीबशी बाहेर आली, कठड्याला धरून ओकली आणि तिथेच बसली. "डोकं ठणकत होतं मघापासून," ती म्हणाली. "सांगितलं नाही. तीन-तीन संगणक सांगतायत हवा ठीक आहे, म्हटलं मीच घाबरले असेन. दर्यावर्दीच्या पोरीने असं सांगायचं म्हणजे लाजच ना!"

उल्हास तिच्या समोरून सरकला. सोनटक्के मागे, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले होते.

"सर, तुमची चूक झालीच नव्हती," तो म्हणाला आणि त्याने सगळे सांगितले.

सोनटक्के ऐकत राहिले. त्यांना आनंद होईल असे उल्हासला वाटले होते. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"आकडा मी का बदलला, विचारलं नाहीस," ते म्हणाले. "त्या बैठकीनंतर मला झोप नाही. शेवटी वर्षाला म्हटलं, मला एकदा तुमच्या त्या यंत्राला विचारून दे, कुणाला सांगू नको. तिने तिच्या फोनवर पाणपोई काढून दिली. चौदा तास दहा मिनिटं. आणि खाली लिहिलेलं, दोन तज्ज्ञांना मान्य. मी म्हटलं, बैठकीतले दोन आणि हे जगातले दोन. चार माणसं एकीकडे, मी एकटा. मग मीच चुकलो असणार." त्यांनी वहीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "ते चार जण म्हणजे तुम्ही दोघंच होतात, होय रे?"

उल्हासला हो म्हणायचे होते. त्याला रडू आले.

"रडू नकोस. मीही होय दाबलंच की," सोनटक्के म्हणाले. "स्वतःच्या गणितावर विश्वास ठेवायची मला लाज वाटली."

पुढच्या सोमवारी, किनाऱ्यावर, उल्हासने तिन्ही गटांसमोर आपले प्रश्न स्वतः वाचले. चारशे बारा होते. गटप्रमुखपद दोघांचेही गेले होते आणि ते त्यांना योग्यच वाटले. संध्याकाळी तो, मुकादमबाई आणि सोनटक्के एका टेबलाशी बसले. पाणपोईच्या माठात ते उत्तर अजून तसेच होते. उद्या कुणी दुसरी पाणबुडी बांधेल, तेच शब्द विचारेल. ते काढून टाकायला हवे होते.

आधी होकार मागे घ्यायचे ठरले. सोनटक्क्यांचा वर्षाच्या फोनवरून निघाला. बाकी दोन निघेनात. दिलेला होकार फक्त त्याच किल्लीने परत घेता येतो, आणि काम संपल्याच्या दिवशीच उल्हासने आपली किल्ली कायमची पुसून टाकली होती. मुकादमबाईंनीही. मागे खूण राहू नये म्हणून.

"मग उघड हरकत घेऊ. तिघं," सोनटक्के म्हणाले. तिघांनी नावे लिहिली, केंद्राचे नाव लिहिले, वहीतले पान जोडले. 'आपण या विषयातले तज्ज्ञ आहात?' या प्रश्नाशी उल्हास थांबला. होय म्हटले नाही तर हरकत मोजली जाणार नव्हती. त्याने डोळे मिटून होय दाबले.

उत्तर नेहमीसारखेच क्षणात आले. सोनटक्क्यांनी चष्मा वर करून ते मोठ्याने वाचले, सोमवारच्या वाचनासारखे :

"'आपल्या तीन हरकती मिळाल्या. एकाच संस्थेतील मते परस्परांपासून स्वतंत्र नसल्यामुळे ती एक मत म्हणून मोजली जातात. याउलट, मान्यता देणाऱ्या दोन तज्ज्ञांचा परस्परांशी कोणताही संबंध आढळलेला नाही. दोन विरुद्ध एक. उत्तर कायम ठेवण्यात येत आहे.'"

सोनटक्क्यांनी आपली खुर्ची थोडी सरकवून उल्हासला जागा करून दिली.

"सरक इकडे," ते म्हणाले. "अल्पमतात बसायची सवय करून घे."

उल्हास सरकला. त्या दोन अनोळखी तज्ज्ञांना तो चांगला ओळखत होता. त्यातली एक त्याच्या शेजारी मान खाली घालून बसली होती.